लंडन लागते, मुंबई लागत नाही

श्रीधरपंत आपटे वकिलांच्या घरी रेडिओ आला त्या दिवशी पोलादपूरच्या लोकांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की यावर मुंबई लागते का? श्रीधरपंतांनी सांगितले, लंडन लागते. लोकांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि पुन्हा विचारले, "ते असू दे. मुंबई लागते का?"

यात लोकांचे काही चुकत नव्हते. पोलादपुरात आणि आसपासच्या वाड्यांत घरटी एक तरी माणूस मुंबईला होता. कोणी गिरणीत, कोणी गोदीत, कोणी शेटजीच्या घरी भांड्याला. लंडनला गावातले कोणीच नव्हते. जिथे आपले कोणी नाही तिथलेच तेवढे ऐकू येणारे यंत्र वकिलाने कशासाठी आणले, हे कोडे गावाला पडले आणि श्रीधरपंतांना ते कधीच नीट उलगडून सांगता आले नाही.

वास्तविक ते रेडिओ आणायला गेलेच नव्हते. महाबळेश्वरचा कोणी साहेब कायमचा विलायतेला निघाला होता आणि त्याच्या सामानाच्या लिलावात आरामखुर्ची घ्यावी म्हणून श्रीधरपंत घाट चढून गेले होते. खुर्ची दुसऱ्याच कोणी नेली. वकील माणसाने एवढा घाट चढून रिकाम्या हाताने उतरावे हे त्यांना बरे दिसेना. म्हणून त्यांनी समोर जे आले त्यावर बोली लावली. समोर एक शिसवी पेटी आली. तिच्यात काचेचे चार दिवे, बाहेर फुलासारखा उमललेला काळा कर्णा, आणि सोबत किरकोळ सामानाचे एक खोके. संच जुना होता, पण दिवे पेटत होते. किरकोळ सामानाचे खोके त्यांनी घरी आल्यावर बायकोच्या, गोदावरीबाईंच्या, हवाली केले. "यातलं काही तुझ्या उपयोगाचं असेल तर बघ," असे ते उदारपणे म्हणाले. हे उदार वाक्य पुढे त्यांना फार महागात पडायचे होते.

संचाला उंच तार लागते. शेजारच्या कापडे गावच्या सहदेवाने दोन लांबलचक बांबू आणले आणि ते परसात उभे केले. त्याच वेळी शेजारचे हरीभाऊ लिमये कुंपणापाशी येऊन उभे राहिले. हरीभाऊ हे रिटायर्ड सर्कल इन्स्पेक्टर. सरकारी नोकरीतून ते सुटले होते, पण तपासणीतून सुटले नव्हते. गावातली कोणतीही गोष्ट उभी राहताना ती वाकडी आहे हे सांगण्याचे काम ते विनावेतन करीत.

"डावा बांबू कलतोय," हरीभाऊ म्हणाले.

"कलता नाय, जमीनच कलती हाय," सहदेव वरून म्हणाला.

"आणि वीज पडली म्हणजे? ती तुमच्या घरावर पडेल, का माझ्या?"

श्रीधरपंतांनी सांगितले की वीज पडलीच तर ती तारेवाटे जमिनीत जाईल, कारण जमिनीतही एक तार पुरायची आहे. ही जमिनीतली तार कायम ओल्या मातीत हवी असते. परसातली कायम ओली माती एकच, तुळशी वृंदावनाच्या पायाशी होती. गोदावरीबाईंनी आधी साफ नकार दिला. मग वृंदावनाला धक्का न लावता शेजारी तारेला जोडलेला पत्रा पुरायची परवानगी दिली. श्रीधरपंतांना वाटले, मोठी अडचण दूर झाली. पण तुळशीला पाणी सकाळी घालतात आणि लंडन लागते संध्याकाळी. तोवर माती सुकून कर्ण्यातून नुसती खरखर यायची. तिन्हीसांजेला तुळशीपुढे दिवा लावतात, पाणी घालत नाहीत, हे गोदावरीबाईंनी स्पष्ट सांगितले. तेव्हा श्रीधरपंत स्वतःच, कोणी बघत नाही असे पाहून, तांब्या घेऊन जाऊ लागले. कोणी बघत नाही असे हरीभाऊंच्या शेजारात कधी होत नसे. आठवड्याभरात गावात बोलवा झाली की वकिलांनी अपत्यासाठी काहीतरी उलटे व्रत धरले आहे.

पहिल्यांदा लंडन लागले त्या संध्याकाळी पडवीत बरीच मंडळी होती. दिवे लाल झाले. कर्ण्याने आधी शिट्टी मारली, मग मांजरासारखा आवाज काढला आणि मग एक इंग्रज स्वच्छ आवाजात बोलू लागला. श्रीधरपंतांच्या अंगावर काटा आला. समुद्रापलीकडचा माणूस आपल्या पडवीत बोलतो आहे, या जाणिवेने त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी मागे वळून पाहिले.

"काय म्हंतो?" सहदेवाने विचारले.

"गुलाबाची छाटणी कशी करावी ते सांगतोय."

मंडळींनी थोडा वेळ गुलाबाची छाटणी ऐकली आणि ती आपापल्या घरी गेली. मागे राहिली ती आवडी. ही सहदेवाची चुलती, गोदावरीबाईंकडे भात कांडायला येणारी. तिचा मुरारी मुंबईला गिरणीत होता आणि होळीपासून त्याचा निरोप नव्हता.

"वकीलसायब, यवढं लांबचं येतंय, मंग मुंबयचं का नाय येत? माझ्या मुरारीला जरा हाक मारा ना."

श्रीधरपंतांनी तिला समजावले की लहरींचे प्रकार असतात, काही लहरी लांब उडी मारतात आणि जवळचे त्यांच्या उडीखालून निसटते. हे त्यांनी एका मासिकात वाचले होते. आवडीने मान डोलावली. "म्हंजे मुंबय खाली ऱ्हाती," ती म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा येऊन तेच विचारले. त्यानंतर ती रोज विचारू लागली आणि श्रीधरपंत संध्याकाळी तिला टाळू लागले.

मग हवालदार आला. वकिलाने परसात तार उभारली आहे, तीवरून काँग्रेसवाल्यांना निरोप जातात, असा कोणी अर्ज केला होता. श्रीधरपंतांनी परवाना दाखवला. हवालदाराने तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"हे यंत्र बोलत नाही. ते फक्त ऐकतं," श्रीधरपंत म्हणाले.

"ऐकतं. मग आता बोलतंय ते कोण?"

"लंडनचा माणूस."

"त्याचा परवाना कुठाय?"

श्रीधरपंतांनी खुर्ची पुढे केली. हवालदार तासभर कर्ण्यासमोर बसला. एकही शब्द न कळता त्याने सगळे लक्षपूर्वक ऐकले आणि शेवटी, इसम सभ्य आवाजात बोलत होता व त्याने कोणाचेही नाव घेतले नाही, असा शेरा मारून तो चहा पिऊन गेला. अर्ज कोणी केला हे त्याने सांगितले नाही. हरीभाऊ मात्र दोन दिवस कुंपणापाशी आले नाहीत.

याहून मोठा ताप बॅटरीचा होता. पोलादपुरात वीज नव्हती. ॲसिडची ती काचेची जड बॅटरी महाडला मोटारीच्या कारखान्यात नेऊन भरून आणावी लागे. श्रीधरपंत कोर्टाला जाताना ती मोटारीत मांडीवर घेऊन बसत. मोटारीचा ड्रायव्हर चांगू म्हणे, "सायब, बसणाऱ्याची जागा आडवली तर आर्धं तिकीट." त्याने ते घेतलेही. पण सावित्रीकाठचा रस्ता बॅटरीला मानवणारा नव्हता. एका खड्ड्यात ती हिंदकळली. श्रीधरपंतांना कोर्टात उभे राहिल्यावर कळले की आपला काळा कोट हळूहळू नाहीसा होत आहे. त्यांनी अशिलाची बाजू कळकळीने मांडली. दिवाणी न्यायाधीश त्यांच्या कोटाच्या भोकांतून दिसणाऱ्या सदऱ्याकडे बघत राहिले आणि शेवटी म्हणाले, "मिस्टर आपटे, पुढची तारीख देतो. तोवर आपणही जरा सावरा." श्रीधरपंतांनी हा अपमान घरी सांगितला नाही. कोट रफू करताना गोदावरीबाईंनीही काही विचारले नाही.

असे आठ महिने गेले. लंडन, बर्लिन आणि कधीकधी कुठले ते न कळणारे, नुसता बाजा वाजवणारे एक गाव, एवढे पोलादपुरात नियमित लागत होते. आणि मग विनोदिनीचे पत्र आले.

विनोदिनी ही गोदावरीबाईंची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा गोदावरीबाईंनीच तिला वाढवले आणि आईची गाणी शिकवली. पुढे विनोदिनी गिरगावात दिली. तिथे घरची माणसे हौशी निघाली, तिला मास्तर लावला आणि आता मुंबईच्या रेडिओवर तिचे गाणे ठरले होते. पुढच्या गुरुवारी, दिवेलागणीला. आईची गौळण म्हणणार आहे, ताई, तुमच्याकडे यंत्र आहे ना, ऐकशील ना, असे तिने लिहिले होते.

गोदावरीबाईंनी पत्र दोनदा वाचले. लग्न होऊन आल्या तेव्हा त्याही गात असत. पहिल्याच वर्षी हरीभाऊ कुंपणापाशी येऊन म्हणाले होते, "श्रीधरपंत, वकिलाच्या घरातून बायकांचं गाणं ऐकू आलं म्हणजे पक्षकार काय समजतील?" श्रीधरपंत तेव्हा नवीन होते आणि त्यांना पक्षकार हवे होते. त्यांनी बायकोला हळू गायला सांगितले. ती इतके हळू गाऊ लागली की पुढे ऐकूच येईनासे झाले. या गोष्टीला आता बारा वर्षे झाली होती आणि श्रीधरपंत ती विसरले होते.

"अहो," गोदावरीबाई म्हणाल्या, "मी या यंत्राकडे आजवर काही मागितलं नाही. एवढी मुंबई लावा."

श्रीधरपंत म्हणाले, "त्यात काय, लावतो." त्याच दिवशी त्यांनी उलट टपाली विनोदिनीला कळवले की आम्ही सर्व जण ऐकू. मग ते पेटीसमोर बसले आणि घाम पुसू लागले.

तीन दिवस त्यांनी प्रत्येक बटण फिरवून पाहिले. शेवटी पेटीचे झाकण उचलले, तर झाकणाच्या आतल्या बाजूला एक छापील कागद चिकटवलेला होता. दुसऱ्यांच्या कागदातल्या चुका शोधून पोट भरणाऱ्या या माणसाने स्वतःच्या पेटीतला कागद आठ महिन्यांत वाचला नव्हता. त्यावर लिहिले होते की संचासोबत दोन कॉइल मिळतात. लहान कॉइल खोचली की दूरची केंद्रे लागतात, मोठी कॉइल खोचली की जवळची. मोठ्या कॉइलचे चित्रही होते. रिळासारखी नळी आणि तिच्यावर दाट गुंडाळलेली रेशमी वेष्टणाची तार.

श्रीधरपंतांनी बायकोला पडवीत बोलावले आणि उलटतपासणी सुरू केली.

"लिलावाच्या त्या खोक्यात एक मोठं रीळ होतं?"

"होतं."

"कशाचं?"

"हिरव्या रेशमी दोऱ्याचं. आत तार होती. मेली चिवट, दातांनी तुटेना."

"मग?"

"मग अडकित्त्याने तोडली."

तुळशीच्या लग्नाला उसाचा मांडव करतात, त्यावर चिंचा-आवळ्यांचे घोस बांधतात. सुतळीपेक्षा ही हिरवी तार शोभून दिसली, म्हणून गोदावरीबाईंनी मांडव तिनेच बांधला होता. उरलेली तार आळीतल्या बायकांना आणि आवडीला ज्यांच्या त्यांच्या तुळशीसाठी वाटली. नळी वाती ठेवायला छान होती, ती देव्हाऱ्यात होती. कोणत्याही विलायती कारखान्याला आपल्या कॉइलचे असे होईल हे सुचले नसते.

"तुम्हीच म्हणालात, उपयोगाचं असेल तर बघ," गोदावरीबाई म्हणाल्या. पण विनोदिनीचे गाणे आपणच अडकित्त्याने तोडले हे त्यांच्या ध्यानात आले होते, आणि त्या आत जाऊन बसल्या. श्रीधरपंतांना फार वाईट वाटले. लंडन लागले नसते तरी चालले असते, असे त्यांना प्रथमच वाटले.

मग आळीतून तार गोळा करणे सुरू झाले. एका घरी ती पापडाचा डबा बांधायला होती, एका घरी पोपटाच्या पिंजऱ्याला. आवडीने ती कापड्याहून स्वतः आणून दिली. तिने मुरारीचा फोटो त्या तारेने टांगला होता. "घ्या," ती म्हणाली, "फोटो ठेवलाय उभा भितीला. मुंबय लागली म्हंजे झालं." सहदेवाने तुकडे जोडायला घेतले. त्याने घराच्या वाश्याला मारतात तशा गाठी मारल्या. त्या सोडवून, टोके खरवडून, पुन्हा पिळून श्रीधरपंतांनी तार सांधली आणि वाती वळणाऱ्या हाताने गोदावरीबाईंनी ती नळीवर सुबक गुंडाळली. तरी शेवटी वीतभर कमी पडली.

तो तुकडा हरीभाऊंच्या जानव्याला होता. ट्रंकेची किल्ली त्यांनी त्या तारेने जानव्यात अडकवली होती. ते म्हणाले, "ही किल्ली आजवर माझ्या अंगावरून उतरलेली नाही. वीतभराने मुंबई अडत नाही, श्रीधरपंत."

गुरुवारी संध्याकाळी सगळी आळी परसात जमली. कुलीन घरातल्या बाईने रेडिओवर गावे की नाही यावर हरीभाऊंचे मत सगळ्यांना ऐकायचे होते, पण हरीभाऊ म्हणाले, "यंत्रातून येतं त्याला दोष नाही. आणि केंद्र सरकारी आहे." ते सर्वांत पुढे बसले. कर्णा माजघराच्या खिडकीत ठेवला होता. श्रीधरपंत खिडकीच्या आत, गोदावरीबाई त्यांच्या मागे दाराआड. आवडी मागच्या दारी, पायरीवर.

मुंबई लागेना. कर्ण्यातून नुसता वाऱ्याचा आवाज येत होता. श्रीधरपंत बटण एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेत होते, परत आणत होते. दिवे जळत होते, बॅटरी संपत होती आणि लोक चुळबुळू लागले होते.

शेवटी हरीभाऊ उठले. त्यांनी सदऱ्यात हात घातला, जानवे बाहेर काढले आणि सर्वांसमक्ष तार सोडून खिडकीतून आत दिली. त्यानंतर ते सबंध संध्याकाळ किल्ली मुठीत धरून बसले.

ती वीत गुंडाळली आणि मुंबई लागली.

आधी बाजारभाव आले. सरकीचे भाव ऐकताना मंडळींनी गुलाबाला कधी धरला नव्हता असा श्वास धरला. मग कोणी शुद्ध मराठीत सांगितले की आता सौभाग्यवती विनोदिनीबाई गौळण गातील. हार्मोनियमचे सूर आले. पाठोपाठ पातळ, थोडा घाबरलेला, ओळखीचा आवाज आला. गोदावरीबाईंनी श्रीधरपंतांचा खांदा घट्ट धरला. विनोदिनीने पहिली ओळ म्हटली, ती पुन्हा घेतली, आणि पेटीतले चारही दिवे लालचे तांबूस, तांबूसचे काळे झाले. बॅटरी संपली होती.

श्रीधरपंतांचा हात बटणावर तसाच राहिला. बाहेर एवढी माणसे, आणि आपल्याला आता खिडकीतून तोंड काढून सांगावे लागणार, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखे झाले.

तेवढ्यात त्यांच्या कानामागून दुसरी ओळ आली.

गोदावरीबाई दाराआडच उभ्या होत्या. खांद्यावरचा हात त्यांनी काढला नव्हता. आधी आवाज दबका होता, गंजलेला होता. मग तो मोकळा झाला. अंतरा आला तेव्हा तो खिडकीतल्या त्या मुक्या कर्ण्यावरून परसात, परसातून कुंपणापलीकडे गेला. या घरात बारा वर्षे हा आवाज होता आणि आपण लंडन शोधत होतो, हे श्रीधरपंतांच्या ध्यानात आले. त्यांना ती जुनी गोष्ट आठवली. त्यांनी मागे वळून पाहिले नाही, कारण त्यांना रडू येत होते आणि बटणावरचा हात काढायचे धैर्य नव्हते.

गाणे संपले. मग हरीभाऊ उठले.

"वा! शिस्त आहे गळ्याला. विनोदिनीबाईंनी नाव काढलं. नाहीतर आपल्या इकडच्या बायका!"

श्रीधरपंत बाहेर आले. आजवर या यंत्रापायी त्यांची जेवढी शोभा झाली होती ती सगळी त्या क्षणी भरून निघाली होती. गप्प बसले असते तर चालले असते.

"हरीभाऊ, यंत्र पहिल्या ओळीलाच बंद पडलं," ते म्हणाले. "पुढचं माझ्या बायकोने म्हटलं."

हरीभाऊंनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "श्रीधरपंत, विनय चांगला. पण यश मिळालं की ते घ्यावं माणसाने." आणि मंडळी मुंबईची तारीफ करीत पांगली. पायरीवरची आवडी तेवढी मागे राहिली. तिला मागच्या दारातून सगळे दिसले होते. ती उठली, गोदावरीबाईंच्या गालावरून तिने बोटे फिरवली आणि कापड्याच्या वाटेला लागली.

"मी उद्या पुन्हा सांगतो त्यांना," श्रीधरपंत म्हणाले. "वाटलं तर लेखी देतो."

"नका सांगू," गोदावरीबाई म्हणाल्या. "वकिलाची बायको गाते म्हटलं तर उद्या कुंपणापाशी येऊन खाकरतील. यंत्र गातं म्हटलं तर पुढे बसून ऐकतात. मला गायला मिळालं, अहो. मला बरं वाटलं."

पुढच्या गुरुवारी बॅटरी महाडला होती. चांगूने ती सगळ्यांच्या देखत मोटारीत चढवून नेली होती. तरीही दिवेलागणीला लोक परसात आले. आवडी चटई घेऊन आली होती आणि सर्वांच्या आधी आली होती.

"आज लंडन नको गो," ती खिडकीकडे बघून म्हणाली. "त्या दिसाची बाय लावा."

"बॅटरी नाही," श्रीधरपंत म्हणाले.

कोणीच उठले नाही. हरीभाऊंनी पुढची जागा धरली होती. त्यांनी घसा साफ केला, वर बांबूकडे पाहिले आणि म्हणाले, "गेल्या वेळची थोडी उरली असेल. बघा तर लावून."

श्रीधरपंतांनी त्यांच्याकडे नीट पाहिले. हरीभाऊ बांबूच पाहत होते. मग श्रीधरपंत आत गेले, पेटीसमोर बसले आणि गंभीरपणे बटण फिरवून दाराआड बघत थांबले.

"आधी तुळशीला पाणी घाला," आतून गोदावरीबाई म्हणाल्या.

श्रीधरपंतांनी तांब्या भरला आणि तिन्हीसांजेला, सगळ्या गावासमोर, तुळशीला पाणी घालायला निघाले.